वाकेन, पण मोडणार नाही

भाजलेला पापड निखाऱ्यावरून उतरताक्षणी वळवला, तर निमूटपणे वळतो. दोन क्षण उशीर झाला की हातात तुकडे. मक्याच्या पातळ मेक्सिकन पोळीचा, म्हणजे टॉर्टियाचा, स्वभावही तसाच, फक्त तिला वळवायचे असते ते कढत तेलात. घाई केली तर ती पुन्हा सपाट होते, रेंगाळले तर तडकते. मेक्सिकन स्वयंपाकघरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या बोटांनी आणि काट्याने चालत आले होते. एका वेळी एक टॉर्टिया, आणि प्रत्येकीमागे बोटे पोळण्याची धास्ती. चार माणसांच्या घरात हे खपून जाई. पण बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागली असेल तर?

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळ ‘सोचित्ल’ नावाचे मेक्सिकन उपाहारगृह चालवणाऱ्या हुवेन्सिओ माल्दोनादो यांना याच प्रश्नाने गाठले. माल्दोनादो मूळचे मेक्सिकोतल्या ओआहाकाचे; नशीब काढायला उत्तरेकडे आलेले. तेलावर वाकून टाकोसाठी, म्हणजे सारण भरायच्या दुमडलेल्या टॉर्टियासाठी, एकेक कवच वळवत बसण्याचे काम त्यांच्या स्वयंपाकघरात कोणालाही नकोसे होते. अधिक चपळ हात शोधणे हा त्यावरचा उपाय नव्हता. हातांना या कामातून सोडवणे, हा होता! टॉर्टियाला हवा तो बाक आधीच द्यायचा, धातूच्या साच्याने तो धरून ठेवायचा आणि साच्यासकट तिला तेलात बुडवायचे. एका वेळी एक नव्हे, अनेक. तेल आपले काम करी, धातू आपले. बाहेर येई ते इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे उभे, खुसखुशीत, रिकामे कवच, सारणाची वाट पाहणारे. १९४७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९५० मध्ये ते मंजूर झाले. त्यांची कल्पना ऐकायला किती साधी वाटते! पण ती सुचेपर्यंत किती बोटे भाजली असतील, ते पेटंटच्या कागदात कुठून सापडणार?

इकडे खंडाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत, ग्लेन बेल नावाचा तरुण याच कोड्याशी झुंजत होता. सैन्यातून परतल्यावर १९४८ मध्ये त्याने हॉटडॉगचे दुकान थाटले होते. पुढे काढलेल्या दुसऱ्या दुकानाच्या रस्त्यापलीकडे होते १९३७ पासून चाललेले ‘मित्ला कॅफे’. तिथल्या कुरकुरीत टाकोंसाठी लागणारी रांग त्याला रोज दिसे. तोही तिथे जाऊन खाई आणि दुकानात परतून रात्री त्या चवीचा माग काढू पाही. जमेना. अखेर मित्लाच्या मंडळींनी त्याला थेट आपल्या स्वयंपाकघरात नेले आणि टाको कसा होतो ते दाखवले. प्रतिस्पर्ध्याला आपली चूल दाखवण्याइतके हे मन मोठे, की भोळे? पुढे जे घडले ते पाहता, या कथेतला सर्वांत महागडा पाहुणचार हाच म्हणावा लागेल.

कृती कळली, वेग मात्र हाती येईना. मग बेलने कोंबड्यांची खुराडी बनवणाऱ्या एका कारागिराला गाठले आणि त्याच्याकडून तारेची जाळी वळवून घेतली. तिच्यात एका वेळी सहा टॉर्टिया तळून निघत. १९५१ च्या सुमारास १९ सेंटला एक या दराने विक्री सुरू झाली. बेलच्या चरित्रात सांगितल्याप्रमाणे पहिला टाको घेतला तो सुटाबुटातल्या एका गृहस्थाने. पहिल्याच घासाला सॉस अस्तनीतून ओघळला आणि टायवर ठिबकला. गिऱ्हाईक गेलेच, असे बेलने मनाशी धरले. गृहस्थ वळले आणि थेट खिडकीशी येऊन त्यांनी आणखी एक टाको मागितला!

१९६२ मध्ये डाउनी इथे बेलच्या ‘टाको बेल’ साखळीतले पहिले उपाहारगृह उघडले आणि कुरकुरीत कवचाचा जनक म्हणून बेलचे नाव गाजू लागले. हे श्रेय जास्तीचे आहे. विक्रीची कला त्याची खरी. पण पेटंट माल्दोनादोंचे आणि हातोटी मित्लाची. ते कॅफे सॅन बर्नार्डिनोत त्यानंतरही दशकानुदशके टाको वाढत राहिले.

आज खोक्यातून मिळणाऱ्या कवचांना घरात वेगळीच खोड असते: हवेतला दमटपणा शोषून ती मऊ, शिळी लागतात. विकत घेताना खोके हलके हलवून पाहावे. आत तुकडे खुळखुळले तर ते परत फळीवर ठेवावे. खाण्याआधी पाचेक मिनिटे ओव्हनमध्ये गरम करावीत, म्हणजे ओल उडून कुरकुरीतपणा परततो. कोरडे किसलेले चीज किंवा कोबी तळाशी, रसदार सारण त्यावर आणि सॉस सगळ्यांत शेवटी, नाहीतर त्या सुटाबुटातल्या गृहस्थांची गत.

आणि खोके नकोच असेल, तर मक्याची ताजी टॉर्टिया ओलसर कापडात गुंडाळून आधी गरम करा, दोन्ही बाजूंना तेलाचे बोट फिरवा आणि ओव्हनच्या जाळीच्या दोन सळ्यांवर तिला पालथी लटकवा. १९० अंश सेल्सियसवर आठ-दहा मिनिटे. माल्दोनादोंच्या साच्याचे काम त्या सळ्या करतील; तुम्ही फक्त हात लावू नका.