आल्काँ : ध्वनिमुद्रिकांनी जगवलेला संगीतकार

शार्ल-व्हालांतँ आल्काँ (१८१३–१८८८) हा पॅरिसचा पियानोवादक आणि संगीतकार. लिस्टचा समकालीन, शोपाँचा शेजारी आणि स्नेही. पियानोवादनाच्या पद्धतीवर शोपाँने लिहायला घेतलेली टिपणे अपुरी राहिली. मृत्यूपूर्वी ती ज्यांच्या स्वाधीन करायला त्याने सांगितले, त्यांत आल्काँ होता. १८४८मध्ये पॅरिस कॉन्झर्व्हेटरीतले पियानोचे प्राध्यापकपद त्याला डावलून मार्मोंतेलला मिळाले. त्यानंतर आल्काँ मैफलींपासून दूर गेला आणि थेट १८७३मध्ये पुन्हा नियमित वाजवू लागला. मधल्या काळात त्याचे नाव मागे पडले, पण त्याचे सर्वांत मोठे काम याच काळात छापून आले.

ते काम म्हणजे १८५७मध्ये प्रसिद्ध झालेला ओपस ३९ : बारा ‘मायनर’ स्वरश्रेणींतले बारा एत्यूद, अर्थात अभ्यासरचना. यांतल्या चौथ्या ते सातव्या रचनेची मिळून एक सिम्फनी होते, आठव्या ते दहाव्या रचनेचा कॉन्चेर्तो. दोन्ही एकट्या पियानोसाठी. कॉन्चेर्तोत एरवी एकल वादक आणि वाद्यवृंद समोरासमोर असतात. इथे दोघांचेही काम दहा बोटांनी करायचे आहे. कुठे वाद्यवृंद वाजतो आहे आणि कुठे एकल वादक, हे आल्काँने स्वरलिपीतच लिहून ठेवले आहे. नुसता पहिला भाग १३४० हून अधिक मात्राखंडांचा आहे आणि तो वाजवायला जवळजवळ अर्धा तास लागतो. पूर्ण कॉन्चेर्तोला सुमारे पन्नास मिनिटे. त्यात लांब उड्या, सलग अष्टके, एकाच स्वराचे नगाऱ्यासारखे वेगवान आघात, आणि त्यावर लयीचा कडक हिशेब. आल्काँ स्वतः लयीच्या बाबतीत काटेकोर होता. अवघड जागी गती सैल करून सुटका करून घेणाऱ्या वादकाच्या हातून ही रचना निसटते.

मैफलीत हे संगीत क्वचितच वाजले, याचे मोठे कारण हेच. पियानोवादक-संगीतकार बुझोनीने आल्काँची गणना बेथोव्हेननंतरच्या थोर पियानो-रचनाकारांत केली आणि बुझोनीचा शिष्य एगॉन पेट्री या रचना वाजवत राहिला. मुंबईच्या पारशी इंजिनिअरचा इंग्लंडमध्ये जन्मलेला मुलगा, संगीतकार कैखुस्रू सोराबजी, याने १९३२च्या आपल्या पुस्तकात आल्काँवर आग्रहाने लिहिले. पण केवळ लेखांवरून संगीत पोहोचत नाही. ते ऐकू यावे लागते.

ते ऐकू आले १९६०च्या दशकात. अमेरिकेत रेमंड लेवेन्थालने १९६३मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओवर आल्काँवर दीर्घ कार्यक्रम केला. त्यानंतर आरसीएच्या लाँग प्ले तबकडीवर त्याने सिम्फनी आणि ओपस ३९मधलीच ‘इसापची मेजवानी’ मुद्रित केली. त्याचे वादन आजही अंगावर येते, विशेषतः सिम्फनीचा शेवटचा भाग. इंग्लंडमध्ये चायकोव्हस्की स्पर्धेचा विजेता जॉन ऑग्डन याने कॉन्चेर्तो मुद्रित केला. रोनाल्ड स्मिथने तर आयुष्यच या कामाला दिले. आल्काँवर दोन खंड लिहिले, आणि ईएमआयसाठी ओपस ३९च्या बाराही रचना वाजवल्या. वेगापेक्षा रचनेचा बांधा उलगडून दाखवण्याकडे त्याचा कल आहे. कान तयार करायला स्मिथसारखा गुरू नाही.

पुढचा मोठा टप्पा कॅनडाच्या मार्क-आंद्रे आमलँचा. हायपिरियनसाठी त्याने १९९०च्या दशकापासून आल्काँ मुद्रित केला. २००७मध्ये आलेले त्याचे कॉन्चेर्तोचे मुद्रण आज बहुतेकांसाठी मापदंड आहे. अवघडपणा इथे जाणवतच नाही, त्यामुळे लक्ष सुरावटींकडे जाते. त्या मानाने जॅक गिबन्सचे मुद्रण अधिक धगधगते. याच गिबन्सने १९९५मध्ये ऑक्सफर्डला ओपस ३९च्या बाराही रचना एकाच मैफलीत वाजवून दाखवल्या. स्टुडिओत तुकडे जोडता येतात म्हणून हे संगीत शक्य होते, या शंकेला ते सर्वांत चोख उत्तर होते. २०१९मध्ये सिम्फनी आणि कॉन्चेर्तो मुद्रित करणारा पॉल वी हा पेशाने लंडनमधला बॅरिस्टर आहे. मार्क व्हायनरने आल्काँच्या समग्र पियानो-रचना मुद्रित करायला घेतल्या आहेत.

झगमगाट बाजूला ठेवून आल्काँ ओळखायचा, तर स्टीव्हन ऑझबर्नने वाजवलेले ‘एस्कीस’ ऐकावे. ही छोटी शब्दचित्रे असावीत तशी स्वरचित्रे आहेत. काही तर मिनिटभरात संपतात, आणि विनोद, खिन्नता, प्रार्थना असे सारे त्यांत आहे. आल्काँ केवळ कसरतीचा संगीतकार होता हा जुना आरोप त्यापुढे टिकत नाही.

नव्या श्रोत्याने सुरुवात ‘इसापच्या मेजवानी’पासून करावी. एका लहानशा धूनवरची ही पंचवीस रूपे दहाएक मिनिटांत संपतात. मग सिम्फनी लेवेन्थालकडून, आणि कॉन्चेर्तो आमलँकडून; पण कॉन्चेर्तोसाठी पाऊण-एक तास मोकळा ठेवावा आणि तो मध्ये न थांबता ऐकावा.