माशांच्या टाकीतील वीज

मासे मजेत पोहत आहेत, त्या अर्थी पाण्यात वीज नाही, असे एका गृहस्थांनी आम्हाला ठामपणे सांगितले. पिंपळे सौदागरमधील एका सोसायटीत त्यांचे घर आहे. दिवाणखान्यात काचेची दोन फुटी टाकी, तीत एंजल मासे, पाण्यात बुडवलेला पंप आणि थंडी पडली म्हणून नुकताच आणलेला हीटर. टाकी साफ करण्याचे काम सातवीतल्या मुलीकडे. पाण्यात हात घातला की झिणझिण्या येतात, अशी तिची तक्रार होती. वडिलांनी पाण्याला टेस्टर लावला, तर तो पेटला. वायरमनचे म्हणणे, पंप चालू असला की टेस्टर पेटायचाच. मासे, टेस्टर आणि मुलीची बोटे या तीन साक्षीदारांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा?

माशांची साक्ष आधी बाद करू. विजेच्या तारेवर पक्षी खुशाल बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय जवळजवळ सारख्याच विद्युतदाबावर असतात. काचेची टाकी लाकडी स्टँडवर असेल, तर पाण्यातील वीज जमिनीपर्यंत जाऊ शकत नाही. सगळ्या पाण्याचा दाब एकसारखा वाढतो आणि माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत फरक पडत नाही. विद्युतधारा वाहतच नाही. ती वाहू लागते आपण हात घातल्यावर, कारण आपले पाय जमिनीवर असतात.

टेस्टरचीही साक्ष अपुरी आहे. पंपाची गुंडाळी, तिच्यावरचे प्लास्टिकचे वेष्टन आणि बाहेरचे पाणी मिळून एक छोटा धारित्र तयार होतो. त्याची धारिता १०० पिकोफॅरड धरली, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर त्यातून सुमारे ७ मायक्रोअँपिअर धारा जाऊ शकते. टेस्टरमधला निऑनचा दिवा एवढ्यावर मंद पेटतो. माणसाला धारा जाणवते ती साधारण अर्ध्या ते एक मिलिअँपिअरपासून, म्हणजे याच्या कितीतरी पटींनी अधिक असल्यावर. डिजिटल मल्टिमीटरही असाच फसवतो. त्याचा रोध १० मेगोहम असेल, तर एवढ्या क्षीण धारेवर तो ७० व्होल्टच्या आसपास आकडा दाखवील. पाहणारा घाबरेल, पण धोका काहीच नसेल.

मग खरे-खोटे कसे करायचे? पाणी आणि जमीन यांच्यामध्ये मीटरबरोबरच १० किलोओहमचा रोध जोडायचा. दाब नुसता धारित्रामुळे आलेला असेल, तर ७ मायक्रोअँपिअर गुणिले १० किलोओहम, म्हणजे जेमतेम ०.०७ व्होल्ट उरेल. खरी गळती असेल, तर दाब टिकून राहील. (हे काम जाणकारानेच करावे. वर्गात किंवा घरी मुलांनी मुळीच करू नये.)

त्या घरी नुसता पंप चालू ठेवला, तेव्हा आकडा जवळजवळ शून्यावर कोसळला. वायरमन पंपापुरता बरोबर होता. मग हीटर लावला. आकडा १५० व्होल्टवर ठाण मांडून बसला आणि थोड्याच वेळात रोध करपल्याचा वास येऊ लागला. १५० व्होल्ट भागिले १० किलोओहम, म्हणजे १५ मिलिअँपिअर. ओल्या हाताचा आणि शरीराचा रोध दोन-एक किलोओहमच धरला, तर धारा ३० मिलिअँपिअरवर जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या मोजमापांत पुरुषांना सरासरी १६ आणि स्त्रियांना सुमारे १०.५ मिलिअँपिअरपर्यंतच हातातली तार सोडता आली होती. त्यापुढे स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. मुलीच्या पायांत कोरड्या रबरी स्लीपर होत्या, म्हणून निभावले ते झिणझिण्यांवर.

हीटरच्या काचनळीला टोपणाजवळ केसासारखी चीर होती. पाणी बदलताना पातळी खाली जाते, चालू हीटर उघडा पडून तापतो आणि वरून गार पाणी पडले की काच तडकते. म्हणून पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, आणि हीटर निवायला पंधरा-वीस मिनिटे द्यायची.

घरात एमसीबी आहे, मग भीती कसली, असेही विचारले जाते. सहा अँपिअरचा एमसीबी ६००० मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. ही गळती त्याच्या खिजगणतीतही नाही. येथे लागतो आरसीसीबी. त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. जाणारी आणि परतणारी धारा समान असेल, तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना छेदतात. काही धारा पाण्यातून परस्पर जमिनीत गेली, तर तोल बिघडतो, कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत विद्युतदाब निर्माण होतो आणि पुरवठा तुटतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत तुटलेच पाहिजे.

पाण्यात अर्थिंगला जोडलेली, न गंजणारी सळई सोडावी काय, हा वादाचा प्रश्न आहे. आरसीसीबी असेल, तर सळई उपयोगी ठरते, कारण पुरेशी गळती होताच तो पडतो, कोणाच्या हाताची वाट पाहत नाही. आरसीसीबी नसताना नुसती सळई सोडणे आम्हाला पसंत नाही. हीटरपासून सळईपर्यंत धारा अखंड वाहत राहते आणि मधले मासे, जे आतापर्यंत सुखरूप होते, तेच तिच्या वाटेत येतात.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. खाली असला, तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरते, आणि वीज परतते तेव्हा तो भिजलेला असतो. तारही सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन मगच वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे थेंब जमिनीवर पडतात, प्लगमध्ये जात नाहीत.

त्या घरी आता नवा हीटर आणि आरसीसीबी आहे. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबण्याचे काम मुलीने मागून घेतले आहे.