पिशवी दाबणारे हात

२७ ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात बारा वर्षांची एक मुलगी खाटेवर निळी पडत चालली होती. पोलिओने हातपाय गेले होते, आता श्वासही जात होता. त्या साथीत पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडकलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. अख्ख्या रुग्णालयात श्वास चालवणारं लोखंडी फुप्फुस एक, आणि छातीला बांधायची यंत्रं सहा.

हतबल झालेले प्रमुख डॉक्टर हेन्री लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावलं. भूलतज्ज्ञाचं काम तेव्हा शस्त्रक्रियागृहापुरतं. इब्सेननी शवविच्छेदनं पाहिली. फुप्फुसं तर चालण्याजोगी होती! मग माणसं मरतात कशाने? रक्तातला वाढलेला कार्बन डायऑक्साइड म्हणजे अल्कता वाढली, असं तिथे मानत. इब्सेननी नेमकं उलट ताडलं: श्वास पुरत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रक्त आम्ल होतं.

मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली. ती तडफडू लागली, हवा आत जाईना. बघायला आलेले डॉक्टर निघून गेले. इब्सेननी पेंटोथाल हे भुलीचं औषध दिलं. धडपड थांबली, तिचा स्वतःचा श्वासही थांबला. मग रबरी पिशवी दाबली, आणि छाती वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर आली. हळूहळू अंगावर रंग परतला. खात्रीसाठी तिला छातीच्या यंत्रावर ठेवलं, तर ती पुन्हा खालावली. पिशवी धरली, पुन्हा सावरली.

पिशवी दाबणारं यंत्र नव्हतं, म्हणून माणसं बसली. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, १,६५,००० तास हातांनी श्वास दिला. कधी एकाच वेळी सत्तर रुग्णांना. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेननी त्याच शहरात अतिदक्षता विभाग उभा केला.

इतिहास बहुतेकदा इथेच थांबतो. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. जीव वाचला म्हणजे माणूस बरा झाला, असं नव्हतं. कित्येकांचे स्नायू परतले नाहीत. त्यांना पुढेही नळी साफ करणारं, कूस बदलणारं, शेजारी बसणारं कुणीतरी लागत होतं.

त्या मुलीने रुग्णालयात सात वर्षं काढली. मग ती घरी गेली, श्वासाच्या यंत्रासह. ती १९७१ पर्यंत जगली.