जुन्या मोटारसायकलचें अंतरंग

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत, ज्यांतील कोणाचाच यंत्राशीं संबंध नाहीं असें घर विरळा. तथापि कारखान्यांत प्रत्येकाच्या वांट्यास बहुधा एकच काम येतें. संपूर्ण इंजिन आंतून पाहण्याचा योग थोड्यांसच लाभतो. अंगणांत गंजत पडलेली जुनी मोटारसायकल भंगारांत जाण्यापूर्वीं हा योग घडवूं शकते. म्हणून वडील माणसांच्या देखरेखीखालीं ती कशी उघडावी, हें आम्ही येथें सांगतों. उदाहरणादाखल बजाजनें जपानच्या कावासाकीच्या सहकार्यानें १९८६ सालीं काढलेली, १०० सी.सी. वर्गांतील दोन ठोक्यांची के. बी. १०० ही गाडी घेऊं.

प्रथम टांकींतील पेट्रोल काढून दूर ठेवावें. काम उघड्या हवेंत करावें. जवळ विस्तव नसावा. इंजिन बाहेरून स्वच्छ पुसावें, कारण आंत गेलेली धूळ कानशीचें काम करते. निघालेला प्रत्येक भाग क्रमानें मांडावा व त्याची जागा वहींत रेखाटावी. उघडणें सोपें, जुळवतांना वहीच उपयोगी पडते.

हेडचे नट एकदम सोडूं नयेत. समोरासमोरचे नट आळीपाळीनें थोडथोडे ढिले करावे, नाहींतर हेड वांकडें होण्याचा संभव असतो. हेड निघतांच दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, माथ्यावर काजळी दिसेल. सिलिंडर वर उचलतां उचलतां खालच्या पोकळीच्या तोंडाशीं स्वच्छ फडकें कोंबावें. पिस्टनची पिन धरणारी बारीक सर्क्लिप आंत पडली, तर सबंध इंजिन उघडण्याची पाळी येते. जुनी सर्क्लिप पुन्हा वापरूं नये.

आतां सिलिंडरच्या आंत पाहावें. तेथें खिडक्या दिसतील. चार ठोक्यांच्या इंजिनाप्रमाणें येथें हेडमध्यें व्हॉल्व्ह नसतात. ताजें मिश्रण वर येण्याच्या व धूर बाहेर जाण्याच्या खिडक्या पिस्टनच उघडतो व झांकतो. त्यामुळें क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट होतो. चार ठोक्यांच्या इंजिनांत दोन फेऱ्यांस एक. परंतु ह्याच सोपेपणांत दोष आहे. दोनहि खिडक्या कांहीं क्षण एकदम उघड्या राहतात, आणि तेवढ्यांत न जळलेलें पेट्रोल धुराबरोबर निसटतें. शिवाय पेट्रोलबरोबर तेलहि जळतें. धुराचे नियम कडक होत गेले, तशा ह्या गाड्या मागें पडल्या. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ सालीं सुरू झाला, आणि २००१ सालीं आलेली त्यांची पल्सर चार ठोक्यांची होती.

सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे असतील, तर धूळ आंत गेली किंवा तेल अपुरें पडलें, असें समजावें. पिस्टनची रिंग सिलिंडरांत सरळ बसवून तिच्या टोंकांमधील फट फीलर गेजनें मोजावी. ती ठरल्यापेक्षां अधिक असेल, तर दाब निसटतो व गाडी चढावर दम सोडते.

मॅग्नेट व खालचा क्रँककेस उघडण्यास विशेष हत्यारें लागतात. तेथें हातोडी न चालवितां काम जाणत्या मिस्त्रीकडे सोंपवावें. जोडतांना गॅस्केट नवेंच घालावें.

ज्या मुलाचे वडील दिवसभर केवळ रिंगाच तपासतात, त्यानें एकदां स्वहस्तें ही फट मोजून पाहावी. वडिलांनीं बाजूस काढलेली प्रत्येक सदोष रिंग म्हणजे कोणा अनोळखी माणसाची चढावर न थांबलेली गाडी होय, हें त्यास सहज उमगेल.