मध्यम किंमतीचें ग्राफिक्स कार्ड घेतांना

ज्या वस्तूचें नांव घरांतील धाकट्या मंडळींना मुखोद्गत असतें आणि जिचे पैसे मात्र वडील मंडळींना मोजावे लागतात, अशा वस्तूंपैकीं ग्राफिक्स कार्ड ही एक होय. मुलगा म्हणतो, “आपल्या संगणकावर नवा खेळ अडखळत चालतो, कार्ड घेतलें पाहिजे.” वडील विचारतात, “केवढ्याला पडेल?” आणि उत्तर ऐकल्यावर कांहीं वेळ कोणीच बोलत नाहीं. पुढें दुकान येतें. दुकानांत रंगीबेरंगी खोकीं, प्रत्येक खोक्यावर चार आंकडे व दोन-तीन अक्षरें, आणि दुकानदाराचा गोड आग्रह. अशा प्रसंगीं उपयोगीं पडेल असें कांहीं सांगावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. अगदीं स्वस्त आणि अत्यंत महाग कार्डांचा विचार मी बाजूला ठेवतों. स्वस्तांत निवडीला फारसा वाव नसतो, आणि अति महाग कार्ड घेणाराला सल्ल्याची गरज वाटत नाहीं. अडचण सारी मधल्या वर्गाची; ती जशी इतरत्र आहे तशी येथेंही आहेच.

हें कार्ड करतें तरी काय? पडद्यावरील चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी होय. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. साध्या मॉनिटरवर एका आडव्या ओळींत १९२० ठिपके व अशा १०८० ओळी असतात. गुणाकार केला तर ते २० लाख ७३ हजार ६०० भरतात. खेळ सुरळीत दिसावयाचा तर हें सबंध चित्र, खेळाडूंच्या भाषेंत फ्रेम, सेकंदाला निदान ६० वेळां नव्यानें काढावें लागतें. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या हुषार हेडक्लार्कासारखा असतो. गुंतागुंतीचें काम एकामागून एक उरकण्यांत तो पटाईत; पण एकच सोपें काम कोट्यवधि वेळां करावयाचें म्हटलें कीं तो थकतो. कार्डाच्या ठिकाणीं उलट प्रकार. तेथें बेताच्या बुद्धीचे हजारों कामकरी एकाच वेळीं आपापला ठिपका रंगवीत बसलेले असतात. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीचें ‘वूडू’ कार्ड निघालें, आणि घरगुती खेळांसाठीं असा निराळा कारखाना संगणकांत बसविण्याची चाल पडली. ती कंपनी पुढें बुडाली; आज या बाजारांत एनव्हिडिया, ए.एम.डी. व इंटेल या तीन पेढ्यांचीं नांवें ऐकूं येतात.

तेव्हां पहिला प्रश्न कार्डाचा नव्हे, पडद्याचा आहे. २५६० बाय १४४० ठिपक्यांच्या मॉनिटरवर काम जवळजवळ पावणेदोनपट होतें, आणि ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर बरोबर चौपट. मध्यम किंमतीचें कार्ड हें पहिल्या दोन पडद्यांसाठीं आहे. तिसऱ्यासाठीं तें घेऊन कष्टी होऊं नये. शिवाय मॉनिटरलाही आपली गति असते. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळांच चित्र बदलतो. कार्डानें १४० चित्रें तयार केलीं तरी वरचीं ८० पुरतीं दिसत नाहींत. विहिरीवर थोरली मोट बसवावी आणि पाट मात्र बोटभर रुंद ठेवावा, त्यांतलाच हा प्रकार. ज्यांचा मॉनिटर जुना आहे त्यांनीं कार्डांत थोडी काटकसर करून तोच आधीं बदलला, तर पुष्कळदां अधिक समाधान मिळतें.

दुकानांत जाण्यापूर्वीं घरीं एक फुकटची परीक्षा करतां येते. जो खेळ अडखळतो तोच, ठिपक्यांची संख्या खालीं आणून, चालवून पाहावा. पुष्कळ खेळांत सेकंदाला किती चित्रें निघतात तें कोपऱ्यांत दाखविण्याची सोय असते. ठिपके कमी केल्याबरोबर तो आंकडा झपाट्यानें वाढला, तर कार्डच कमी पडत होतें असें समजावें. तो जागचा हालला नाहीं, तर ठिपके रंगविणारा दोषी नसून प्रोसेसर मागें पडत आहे. कारण शत्रु कोठें आहे, गोळी कोणाला लागली, हा त्याचा हिशेब पडद्याच्या आकारावर अवलंबून नसतो. अशा संगणकांत नवें कार्ड घालणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय.

आतां ज्या बाबतींत सर्वांत जास्त फसगत होते तिकडे वळूं. कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. जाणकार तिला व्हीरॅम म्हणतात. भिंतींचे पोत, झाडांचीं पानें, माणसांचे चेहरे, खेळांतील हा सारा सरंजाम कार्डाच्या हाताशीं याच मेमरींत ठेवावा लागतो. ती भरली तर उरलेलें सामान संगणकाच्या मुख्य मेमरींत जातें, व तेथून वेळोवेळीं आणावें लागतें. यांत किती अंतर पडतें तें एका उदाहरणानें सांगतों. २०२३ सालीं निघालेलें एनव्हिडियाचें आर.टी.एक्स. ४०६० हें कार्ड आपल्या ८ गिगाबाइट मेमरींतून सेकंदाला २७२ गिगाबाइट मजकूर उचलूं शकतें. परंतु संगणकाच्या मुख्य मेमरीकडे जाणारा त्याचा रस्ता सेकंदाला अवघ्या १६ गिगाबाइटांच्या आसपास आहे, आणि मदरबोर्ड एक पिढी जुना असेल तर त्याच्याही निम्मा. सुताराचीं हत्यारें हाताजवळच्या पेटींत असणें आणि पटाशी आणावयास दर वेळीं अरुंद बोळांतून गल्लीपलीकडच्या वखारींत जाणें, यांत जो भेद तोच येथें आहे.

याचा परिणामही चमत्कारिक असतो. खेळ सरसकट मंद होत नाहीं. बराच वेळ तो छान धांवतो आणि ऐन वळणावर क्षणभर थिजतो. किंवा खेळ स्वतःच तडजोड करतो व समोरच्या भिंती धुरकट दिसूं लागतात. सरासरीचा आंकडा पाहावा तर तो उत्तम! म्हणून कार्डांच्या परीक्षणांत केवळ सरासरी न पाहतां, सर्वांत मंद अशा शंभरांतल्या एका हिश्श्याचा जो आंकडा देतात, तो अवश्य पाहावा.

बरें, ही मेमरी मागाहून वाढवितां येत नाहीं. संगणकाची मुख्य मेमरी हवी तेव्हां विकत आणून बसवितां येते. कार्डाची कारखान्यांतच डाख देऊन पक्की झालेली असते. आणि येथेंच नांवांचा घोटाळा सुरू होतो. २०१६ सालीं जी.टी.एक्स. १०६० हें कार्ड ६ व ३ गिगाबाइट अशा दोन रूपांत विकलें गेलें. गिऱ्हाइकाला वाटावें कीं भेद मेमरीपुरताच आहे. वस्तुतः ३ गिगाबाइटवाल्यांत कामकरीही कमी होते, १२८० च्या जागीं ११५२. एप्रिल २०२५ मध्यें आर.टी.एक्स. ५०६० टी.आय. हें कार्ड निघालें तेंही असेंच जुळें: ८ गिगाबाइटचें ३७९ डॉलरला आणि १६ गिगाबाइटचें ४२९ डॉलरला. जून २०२५ मध्यें ए.एम.डी.नें आर.एक्स. ९०६० एक्स.टी. काढलें, त्याचेही ८ व १६ असे दोन प्रकार, २९९ व ३४९ डॉलरचे. दोहोंकडे फरक पन्नास डॉलरांचा. हे भाव अमेरिकेंत जाहीर झालेले, करांवांचूनचे आहेत. रुपयांतील भाव मी मुद्दामच सांगत नाहीं. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या चिपांचे दर एकाएकीं चढले, तेव्हांपासून महिन्यापूर्वींच्या भावावर विसंबण्यांत अर्थ राहिला नाहीं.

माझें मत विचाराल तर, ज्या घरांत यंत्र मोडेपर्यंत वापरण्याची रीत आहे, त्या घरानें ८ गिगाबाइटचें मध्यम कार्ड नव्यानें घेऊं नये. १६ घ्यावें, निदान १२ तरी. डिसेंबर २०२४ मध्यें इंटेलनें आर्क बी-५८० हें १२ गिगाबाइटचें कार्ड २४९ डॉलरला आणलें, तेव्हां कमी पैशांत ही सोय झाली. मात्र तें जुन्या संगणकांत घालूं नये. ‘रीसायझेबल बार’ नांवाची सोय मदरबोर्डांत नसेल तर त्याची गति फार घटते. उलटपक्षीं, मुलाला व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक एवढेच खेळ प्रिय असतील, तर ८ गिगाबाइट पुरून उरतात व वरचे पैसे वांचतात. तसेंच मेमरीचा आंकडा म्हणजेच शक्ति, असेंही समजूं नये. २०२१ च्या आर.टी.एक्स. ३०६० ला १२ गिगाबाइट होते, तरी बहुतेक खेळांत ८ गिगाबाइटचें ४०६० त्याला मागें टाकतें. सामान मावेनासें झालें म्हणजे मात्र जुनें कार्ड निमूटपणें चालत राहतें आणि नवें ठेचकाळतें.

जाहिरातींतील आंकड्यांविषयीं थोडें. चित्र कमी ठिपक्यांत काढावयाचें आणि मग कार्डानेंच तें हुषारीनें मोठें करावयाचें, अशी युक्ति आतां तिन्ही पेढ्यांजवळ आहे. ती चांगली आहे. मध्यम कार्डाला तिचा मोठाच आधार होतो. दुसरी युक्ति म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मध्यें कल्पनेनें काढलेलीं चित्रें घालावयाचीं. डोळ्यांना हालचाल मऊ वाटते, परंतु बटण दाबल्यापासून बंदूक उडेपर्यंतचा वेळ त्यानें तिळभरही कमी होत नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें एनव्हिडियाच्या प्रमुखांनीं ५४९ डॉलरचें आर.टी.एक्स. ५०७० हें १५९९ डॉलरच्या ४०९० च्या तोडीचें असल्याचें सांगितलें. ती बरोबरी या मधल्या चित्रांच्या भरवशावर होती. खोक्यावर कितीपट वेग लिहिला आहे यापेक्षां, त्यांतील खरीं चित्रें किती, हें विचारावें.

घरच्या विजेचाही विचार हवा. ५०६० टी.आय. ला १८० वॅट, १६ गिगाबाइटच्या ९०६० एक्स.टी. ला १६० व बी-५८० ला १९० वॅट अशी मर्यादा बनविणारांनीं दिली आहे. १६० वॅटचें कार्ड रोज तीन तास पुरत्या जोरानें चाललें तर महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आंत भागतें. बिलाची धास्ती नको. धास्ती हवी ती एस.एम.पी.एस. ची. कॅबिनेटाबरोबर जवळजवळ फुकट आलेला, कोणाचें नांव ना गांव असा एस.एम.पी.एस. असल्या कार्डाला जोडूं नये. खऱ्या ५५०-६०० वॅटचा, नांवाजलेल्या कंपनीचा घ्यावा, व कार्डाला लागणारी विजेची पिन त्यांत आहे ना तें पाहावें. वैशाखांत खोलीची उष्णता दहा अंशांनीं चढली तर कार्डही साधारण तितकेंच अधिक तापूं पाहतें, आणि मग पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलींत ऐकूं येतो. तेव्हां कॅबिनेटांत वारा खेळता असावा. तीन पंख्यांचीं कार्डें पुष्कळदां फूटभर लांब असतात; घरीं टेपानें माप घेऊन जावें. कार्ड आंत जात नाहीं हें घरीं आल्यावर कळण्यांत मौज नाहीं.

जुनें कार्ड घेण्याविषयीं एवढेंच कीं, सप्टेंबर २०२२ पर्यंत इथरियम हें आभासी चलन कार्डांच्या जोरावर ‘खणलें’ जात असे, व त्या कामांत रात्रंदिवस राबलेलीं कार्डें नंतर बाजारांत आलीं. वॉरंटी शिल्लक असल्यावांचून व डोळ्यांदेखत अर्धा तास खेळ चालवून पाहिल्यावांचून तीं घेऊं नयेत.

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड ठाऊक आहेच. इतर शहरांतही अशी एखादी गल्ली असते. तेथें जातांना पडद्याचें माप, प्रोसेसरचें व मदरबोर्डाचें नांव, एस.एम.पी.एस. चे वॅट आणि कॅबिनेटांतील मोकळी लांबी एका चिठ्ठीवर लिहून न्यावी. वॉरंटी किती वर्षांची, आणि कार्ड बिघडलें तर दुरुस्तीला तें कोणाकडे व कोणत्या गांवीं द्यावयाचें, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें. खोक्यावरील क्रमांक व कार्डावरील क्रमांक एकच आहे ना तें पाहावें. बिलावर कार्डाचें पुरें नांव मेमरीच्या आंकड्यासकट लिहवून घ्यावें. नुसतें ‘५०६० टी.आय.’ एवढेंच लिहिलेलें असेल, तर दुकानदारापुढें बिल परत सरकवावें व पुढचा आंकडा त्याच्याच हातानें घालून घ्यावा.