ग्रंथपालाला तास हवा

जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या कचेरीला मिळून पाच हजार डॉलर दंड ठोठावला. त्यांनी आधारासाठी दिलेल्या निवाड्यांपैकी अनेक निवाडे मुळात कोणत्याही न्यायालयाने दिलेलेच नव्हते. चॅटजीपीटी या साधनाने ते रचून दिले होते. वकिलीची सनद असलेल्यांची ही गत, तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा? असाच एखादा संदर्भ कागदावर उतरवून तो देवघेवीच्या टेबलाशी उभा राहतो, आणि हा लेख कोणी लिहिलेलाच नाही हे त्याला समजावण्याचे काम ग्रंथपालाच्या वाट्याला येते.

'माहिती साक्षरता' हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी 1974 साली केला. त्याच्याही कितीतरी आधी, 1931 साली, डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले तेव्हा वाचकाचा वेळ वाचवणे हा त्यांतला एक नियमच होता. काम जुनेच, पालटली ती जागा. मार्च 2020 मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि ही शिकवणी पडद्यावर गेली. दारे पुन्हा उघडली तरी ती पुरती परतली नाही, कारण नियतकालिके आणि प्रबंधच आता पडद्यावर आहेत.

मुलांना हे सारे आपोआप येते, असा एक सोयीस्कर समज अध्यापकवर्गात आहे. मोबाइल सराईतपणे हाताळता येणे आणि त्यावर दिसणाऱ्या मजकुराची पारख करता येणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी होत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे पाहण्याजोगा आहे. दहा इतिहासकार, वृत्तांची सत्यता तपासणारे दहा व्यावसायिक आणि पंचवीस विद्यार्थी यांना त्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे दाखविली. एक संघटना 1930 साली स्थापन झालेली, हजारो सदस्यांची. दुसरी 2002 मध्ये तिच्यातून फुटून निघालेल्या मूठभरांची. बहुसंख्य विद्यार्थ्यांना दुसरीच अधिक विश्वसनीय वाटली. पंडित इतिहासकारही पुष्कळसे गोंधळले. सत्यता तपासणारे मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत; या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहण्यासाठी ते ताबडतोब बाहेर पडले. आपण आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'समोरचे पान नीट वाचा' असे सांगत आलो; येथे पान सोडून उठण्याची सवय लावावयाची आहे!

ही सवय व्याख्यानाने लागत नाही. चाळीस काळ्या चौकटींसमोर तासभर बोलणाऱ्याला पलीकडे कोणी ऐकते आहे की नाही हेही कळत नाही. दहा मिनिटांचा एकच प्रश्न, तोही विद्यार्थ्याच्या चालू निबंधातला, आणि त्याने काय शोधले हे त्याच्याच तोंडून ऐकणे, एवढेच उपयोगी पडते. पण असा प्रश्न तयार करायला, उत्तरे तपासायला वेळ लागतो. एकट्या ग्रंथपालाने तो कोठून काढावा? पुस्तकांची नोंद, मूल्यांकन समितीचे तक्ते, परीक्षेची देखरेख हे सारे त्याच्याकडे असतेच.

पैसा नाही असेही नाही. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. त्यातून सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय संस्थांना खुली करण्याचे ठरले. ती वाचावयाची कशी, त्यांत शोधावयाचे कसे, हे शिकविणाऱ्याचा विचार कोणी केला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत अध्यापकांबरोबर ग्रंथपालाचाही समावेश आहे. वेळापत्रकात मात्र त्याचे नाव शोधून सापडत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास ग्रंथपालाचा असावा, तो त्याच्या कार्यभारात धरावा, त्याला श्रेयांक असावेत. देवघेवीसाठी त्या वेळी टेबलावर दुसरा माणूस बसावा. उदाहरणे मराठीत असावीत आणि पाठ मोबाइलच्या लहान पडद्यावर वाचता यावेत. त्या तासाला विषयाच्या प्राध्यापकांनीही हजर राहावे, विद्यार्थ्यांच्या रांगेत बसून.