भेंडीचे फूल: प्राथमिक वर्गासाठी ठसेकाम
पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ठसेकामासारखा सोपा आणि भरवशाचा कलाप्रकार नाही. भेंडी आडवी कापली की बहुधा पाच पाकळ्यांचे फूल तयारच मिळते. त्यासाठी जून भेंडी घ्यावी, कोवळी दाबताच चेपते. कांद्याची वर्तुळे आणि कमळकाकडीची जाळीही सुरेख उमटते. बटाट्यात नक्षी कोरावी लागते. ते काम मोठ्यांनी करावे.

कापलेली बाजू फडक्याने टिपून घेणे सर्वांत महत्त्वाचे. ओलावा राहिला तर रंग ओघळून ठसा फुटतो. ताटलीतल्या स्पंजवर घट्टसर पोस्टर कलर पसरावा, भेंडी त्यावर हलकेच टेकवावी, कागदावर सरळ दाबावी आणि सरळच उचलावी. जरा घसरली तरी पाकळ्या फरकटतात. हात बसल्यावर एकाआड एक दोन रंगांची किनार काढता येते आणि आकृतिबंधाची ओळख आपोआप होते.